बरणीतला बेडूक घरात सुटला तर

पाऊस लागला की पोरे बेडूक धरून बरणीत ठेवतात. सकाळी बघावे तर झाकण बाजूला अन् बेडूक गायब! बंधूंनो, हसण्यावारी नेऊ नका. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. कोरड्या घरात कातडी सुकली की तो मरतो.

खोलीच्या मधोमध शोधू नका. तो भिंतीच्या कडेकडेने सरकतो आणि ओल गाठतो. मोरी, रांजणाखालची जागा, पोत्यांची थप्पी, सरपण हे आधी बघा. मात्र पोत्यामागे एकदम हात घालू नका, काठीने सरकवा. बेडकाच्या वासावर साप आलेला असू शकतो. दिवसा तो दडून बसतो, म्हणून खरा शोध दिवेलागणीनंतरच. दिवे मालवून बॅटरी जमिनीलगत फिरवा, डोळे चमकतात. तरी नाही सापडला तर ओले गोणपाट दुमडून भिंतीला लावून ठेवा अन् सकाळी तेच उचलून बघा. तोवर मोरीत फिनेल नको, धान्यात किडीच्या गोळ्या नकोत. (राहत्या घरात त्या गोळ्या एरवीही नकोतच.)

उचलताना हात ओले असावेत. फवारणीचे किंवा तंबाखू-चुन्याचे हात लावू नका, ते त्याच्या कातडीतून आत जाते. खडबडीत अंगाच्या बेडकाच्या डोळ्यांमागून पांढरा चीक येतो. नंतर हात धुवावेत.

आणि पुन्हा बरणीत कशाला? शेतातले किडे खाणारा हा गडी घटत चालला, म्हणून 1987 साली सरकारने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. संध्याकाळी ओल्या बांधावर सोडा, पोराच्याच हाताने.