पिंपातलं सिमेंट आणि ३०० वर्षं

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. ‘तिथल्या कचऱ्याचं करतात काय?’ असं कुणी विचारलं की एक उत्तर हमखास मिळतं: सिमेंटमध्ये गाडतात. उत्तर अर्धं बरोबर आहे, आणि बहुतेक गैरसमज उरलेल्या अर्ध्यातून उगवतात.

त्यातला सगळ्यात चिवट समज असा, की सिमेंटमध्ये घातलं की किरणोत्सर्ग मरतो. तो मरत नाही. सीझियम-१३७ पाण्यात असो, काचेत असो की सिमेंटमध्ये, त्याचं अर्धायुष्य ३० वर्षांचंच. बाहेरून केलेल्या रासायनिक बंदोबस्ताची अणूच्या केंद्रकाला दखलही नसते. सिमेंटचं काम एवढंच, की ते अणू आहेत तिथे धरून ठेवायचे. द्रव सांडतो, झिरपतो, सांध्यातून गळतो; घट्ट ठोकळा जागचा हलत नाही. बाकीचं काम काळ करतो. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सुमारे ५.३ वर्षं, स्ट्रॉन्शियम-९० चं २९ च्या आसपास. दहा अर्धायुष्यं उलटली की मूळच्या साधारण हजाराव्या हिश्श्याइतकाच ऐवज उरतो. सीझियमसाठी हा हिशेब ३०० वर्षांवर येतो, आणि अल्पायुषी कचऱ्याच्या जागांवर तेवढा काळ लक्ष ठेवायचं, हे फ्रान्ससारख्या देशांचं गणितही तिथूनच आलं. नॉर्मंडीतलं मांश साठवण केंद्रही तारापूरप्रमाणे १९६९ मध्येच सुरू झालं. १९९४ पर्यंत तिथे सुमारे ५,२७,००० घनमीटर कचरा ठेवला गेला, आणि आता पाळी राखणीची आहे.

३०० वर्षं हा आकडा बोलायला सोपा आहे. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला; त्यालाही अजून ३०० वर्षं व्हायची आहेत. दरम्यान राज्य गेलं, १८२८ मध्ये आतला वाडा जळाला, तटबंदी मात्र उभी आहे. मला विचाराल तर सिमेंट ३०० वर्षं टिकेल का, यापेक्षा राखण करणारं कार्यालय तेवढं टिकेल का, हा प्रश्न जास्त अवघड आहे.

दुसरा समज: अणुभट्टीतून निघालेलं सगळंच सिमेंटमध्ये जातं. जगभरचा ढोबळ हिशेब असा, की आकारमानाने सुमारे ९० टक्के कचरा सौम्य असतो आणि त्यात एकूण किरणोत्सारितेचा जेमतेम १ टक्का असतो. उलट अतितीव्र कचरा आकाराने ३ टक्के, पण किरणोत्सारिता ९५ टक्के. हा दुसरा प्रकार सिमेंटच्या वाटेला जात नाही. तो स्वतःच तापतो, आणि सिमेंटमध्ये तर पाणी असतंच. तीव्र किरणांनी त्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. आपल्याकडे वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया होते आणि उरलेला अतितीव्र द्रव बोरोसिलिकेट काचेत वितळवून बंद केला जातो. तारापूर आणि तुर्भे इथे असे काचीकरण प्रकल्प आहेत. सिमेंटच्या वाट्याला येतं ते सांडपाणी आटवून उरलेलं दाट द्रावण, गाळण्यांचा गाळ आणि असंच मध्यम-सौम्य काहीबाही.

‘मग त्यात काय? माल कालवायचा आणि ओतायचा!’ इथे गवंड्याचा अनुभव थोडा उपयोगी पडतो आणि लगेच अपुराही पडतो. घर बांधताना आपण पाणी स्वच्छ घेतो, कारण घाण पाण्याने सिमेंट नीट सेट होत नाही. इथे तर मुद्दाम घाण पाणीच कालवायचं असतं. कुडनकुळमसारख्या दाबित पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये साखळी-अभिक्रिया काबूत ठेवायला पाण्यात बोरिक आम्ल घालतात. ते सांडपाण्यात उतरतं, आणि बोरेट हा सिमेंटचा जुना वैरी आहे. कणांभोवती त्याचा थर बसतो आणि माल दिवसेंदिवस ओलाच राहू शकतो. म्हणून चुना घालून आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

ॲल्युमिनियमचं प्रकरण तर बांधकामवाल्यांना चांगलंच ठाऊक आहे. गिलावा करताना खिडकीच्या ॲल्युमिनियम चौकटीला चिकटपट्टी लावतात, कारण ओलं सिमेंट अत्यंत अल्कधर्मी असतं आणि ॲल्युमिनियमला खातं. त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. हल्ली सर्रास दिसणारे हलके एएसी ब्लॉक नेमके याच बुडबुड्यांवर फुगवलेले असतात. ब्लॉकमध्ये जे हवं, ते बंद पिंपात नको. म्हणून कचऱ्यात ॲल्युमिनियम किती, हे आधी तपासलं जातं. पाणी शुद्ध करणाऱ्या रेझिनच्या मण्यांची वेगळीच खोड: पाणी पिऊन ते फुगतात आणि सेट झालेला ठोकळा आतून तडकवू शकतात. म्हणून पिंपामागे त्यांचं प्रमाण मर्यादितच ठेवावं लागतं.

आता त्या अल्कधर्मी स्वभावाची चांगली बाजू. प्लुटोनियम, कोबाल्ट यांसारखे बरेच धातू अशा माध्यमात जवळजवळ विरघळेनासे होऊन साका होऊन बसतात. सीझियम मात्र सोडियमचा भाऊबंद. तो विरघळलेलाच राहतो आणि सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांतून वाट काढतो. नुसत्या सिमेंटचा त्याच्यापुढे फारसा इलाज चालत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. उपाय म्हणून बेंटोनाइटची माती किंवा व्हर्मिक्युलाइट मिसळतात. गच्चीवरच्या कुंड्या हलक्या करायला जे व्हर्मिक्युलाइट आपण आणतो, तेच; त्याच्या पापुद्र्यांमध्ये सीझियम अडकून बसतं.

पिंपातलं सिमेंट धरणाच्या भिंतीसारखं मजबूत असणार, हाही समजच. घराच्या स्लॅबला लागणाऱ्या एम-२० काँक्रीटची ताकद २० मेगापास्कल धरतात. सिमेंटमध्ये घट्ट केलेल्या सौम्य कचऱ्यासाठी अमेरिकी अणुनियामक आयोगाने मार्गदर्शनात सुचवलेली सरासरी ताकद ५०० पीएसआय, म्हणजे साधारण ३.४ मेगापास्कल. सहावा हिस्सा! अनेक थर एकमेकांवर रचून वर माती पडली तरी ठोकळा चुरगळू नये, एवढीच तिची गरज. खरी परीक्षा पाण्याची असते. नमुना शुद्ध पाण्यात बुडवून ठेवायचा, ठरावीक अंतराने पाणी बदलायचं आणि प्रत्येक वेळी त्यात किती किरणोत्सारी द्रव्य उतरलं ते मोजायचं. भक्कम दिसणारा ठोकळा इथे नापास होऊ शकतो.

‘पण आपले पूल बघा, काँक्रीट तीस वर्षांत खिळखिळं होतं.’ यातला अर्धा दोष काँक्रीटच्या पोटातल्या सळ्यांचा आहे. सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. पिंपातल्या मिश्रणात सळ्या नसतात, त्याच्यावरून गाड्याही धावत नाहीत. तरी तडे जातात, विशेषतः सेट होताना निघणाऱ्या उष्णतेने. ब्रिटनमध्ये सेलाफील्डच्या अणुकेंद्रात म्हणूनच मिश्रणात लोखंडाच्या झोतभट्टीची मळी भरपूर घालतात. आणि म्हणूनच सारी भिस्त एकट्या सिमेंटवर ठेवलेली नसते. पिंप, काँक्रीटचे खंदक, पाणी आत न शिरू देणारं वरचं आच्छादन असे एकामागून एक अडसर असतात, आणि आवारातल्या बोअरवेलचं पाणी नियमित तपासलं जातं.

चेर्नोबिलचं चित्र डोक्यात असलेले लोक पिंपातलं सिमेंटही तसंच समजतात. १९८६ मध्ये तिथे घाईने उभं राहिलेलं पोलाद-काँक्रीटचं कवच म्हणजे फुटलेल्या भट्टीवर घातलेलं झाकण होतं. कचरा त्यात मिसळलेला नव्हता. ते कुरकुरू लागलं म्हणून २०१६ मध्ये त्यावर नवी कमान सरकवली गेली. त्या कवचावरून पिंपातल्या सिमेंटची पारख करता येत नाही.

डांबराचा पर्यायही वापरून झाला. त्यात पाणी कमी शिरतं, पण ते जळतं. ११ मार्च १९९७ रोजी जपानमध्ये तोकाई इथल्या डांबरीकरण कारखान्यात आग लागली आणि काही तासांनी स्फोट झाला. सिमेंट पेटत नाही. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: कचऱ्याचं आकारमान घटण्याऐवजी वाढतं आणि जागा जास्त लागते.

माल कालवायची एक पद्धत सांगतो. पिंपातच एक पातं बसवलेलं असतं. वरून मोटर जोडून, माणूस लांब ठेवून, ते फिरवतात. मिश्रण एकजीव झालं की मोटर सोडवून घेतात. पातं धुवायला गेलं तर ते पाणी पुन्हा कचराच होणार, म्हणून ते आतच राहू देतात आणि त्याच्याभोवती सिमेंट सेट होतं.