मोरीपासून सुपरवायझरच्या टेबलापर्यंत

पहाटेच्या लोकलला कल्याण, ठाकुर्ली किंवा कळवा स्टेशनात उभे राहिले तर आपल्या वस्त्यांतली अनेक मुले भेटतात. कोणी वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या कॅन्टीनला, कोणी डोंबिवली एम.आय.डी.सी.त, कोणी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात, कोणी मुंबईच्या मोठ्या हॉटेलात कामाला जात असतो. आयाबहिणी डोंबिवलीच्या पोळीभाजी केंद्रांत पोळ्या लाटतात. काम कष्टाचे आहे, प्रामाणिक आहे. परंतु मोरीवर भांडी घासायला लागलेला मुलगा दहा वर्षांनी फार तर कुक होतो आणि तेथेच थांबतो, असे का? कोठीची किल्ली, मालाचा हिशेब, माणसांची ड्यूटी ही कामे ज्याच्या हाती असतात तो सुपरवायझर बहुधा बाहेरून येतो. या लेखात त्या जागेविषयी लिहायचे आहे.

स्वयंपाकघर ही जागा आपल्यासाठी साधी कधीच नव्हती. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्याआधी छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असा प्रश्न होता. महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले, तेव्हा तो प्रश्न मिटला. पुढे संविधानाच्या १५ व्या कलमाने उपाहारगृहाचे दार सर्वांना खुले केले व १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पण हे दार गिऱ्हाइकाचे झाले. आतल्या भटारखान्याचे दार वेगळेच असते. भांडी घासायला माणूस घेताना आडनाव विचारत नाहीत. मसाल्याच्या डब्याला हात लावायचा झाला की विचारतात. शाळांतील मध्यान्ह भोजनाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २००४ मध्ये आदेश द्यावा लागला की, स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे. एकविसाव्या शतकात असा आदेश द्यावा लागतो, यावरून काय ते समजावे.

तरीही सगळा दोष जातीच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये, असे मला वाटते. मी काही वर्षे एका कारखान्याच्या कॅन्टीनची कोठी सांभाळली. तेथे आपल्यातलाच एक कुक चौदा वर्षे काम करत होता. तीनशे माणसांची डाळ तो डोळे मिटून करील. सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा त्याला बोलावून महिन्याच्या शिल्लक मालाचा तक्ता भरायला सांगितला. त्याला तो भरता आला नाही. मग डिप्लोमा घेतलेला बावीस वर्षांचा मुलगा वर आला आणि आमच्या कुकनेच त्याला सहा महिने काम शिकवले. अन्याय होता हे खरे. परंतु तो तक्ता भरायला शिकणे अवघड नव्हते, आणि ते चौदा वर्षांत कोणी त्याला शिकवले नाही हेही तितकेच खरे.

मोठ्या हॉटेलांतली उतरंड ऑगस्ट एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात पलटणीच्या धर्तीवर बसवली. कॉमी, त्यावर डेमी शेफ, मग एकेका विभागाचा शेफ द पार्टी, त्यावर सू शेफ, सर्वांत वर एक्झिक्युटिव्ह शेफ. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये नावे साधी असतात: हेल्पर, कुक, मुख्य कुक, कोठीवाला, सुपरवायझर. नावे कोणतीही असोत, एका पायरीनंतर हातातला झारा सुटतो आणि पेन येते. जो त्यासाठी तयार नसतो तो तेथे अडतो.

आता सुपरवायझरला नेमके काय करावे लागते ते पाहू. पहिला हिशेब मालाचा. समजा, तीनशे माणसे जेवतात आणि माणशी १०० ग्रॅम कच्चा तांदूळ धरला आहे. म्हणजे रोज ३० किलो. कुकने अंदाजाने ३५ किलो टाकला तर रोजचे ५ किलो वाया. महिन्याच्या २६ दिवसांत १३० किलो. भात उरला, फेकला, कोणाच्या लक्षातही आले नाही. सुपरवायझरने मात्र प्रत्येक पदार्थाचे प्रमाण लिहून ठेवायचे, काट्यावर मोजून माल द्यायचा आणि आधी आलेला माल आधी संपवायचा. पोते उघडले की त्यावर तारीख घालायची. एका थाळीचा कच्चा खर्च विक्रीच्या किमतीच्या शेकडा किती, हे त्याला विचारताक्षणी सांगता आले पाहिजे.

दुसरा हिशेब माणसांचा. भटारखाना आठवड्याचे सातही दिवस चालतो आणि रोज दहा माणसे लागतात, तर नोकरीत किती हवीत? मुले चटकन दहा म्हणतात. आठवड्याच्या हजेऱ्या झाल्या ७०. एक माणूस सुट्टी धरून सहाच दिवस येतो, म्हणून ७० ला ६ ने भागा. बारा माणसे हवीत, आणि त्यांच्या ७२ हजेऱ्यांतून आजारपणाला दोनच शिल्लक राहतात. हे गणित चौथीचे आहे. पण ते न केल्यामुळे किती कॅन्टीनमध्ये माणसांना डबल ड्यूटी करावी लागते, आणि सुट्टी मागणाऱ्याला कामचुकार म्हटले जाते!

तिसरी गोष्ट अन्नाच्या सुरक्षिततेची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. सकाळी अकराला केलेली डाळ मोठ्या पातेल्यात तशीच झाकून दुपारच्या पाळीला चारला वाढली, तर ती बराच वेळ याच धोक्याच्या पट्ट्यात असते. वरून गार, मध्ये कोमट. सुपरवायझर ती ६० अंशांच्या वर गरम ठेवतो, किंवा उथळ भांड्यांत ओतून लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवतो आणि वाढण्यापूर्वी आतपर्यंत ७५ अंश होईल अशी गरम करतो. यासाठी खिशात थर्मामीटर लागतो. बोट बुडवून पाहण्याची पद्धत चालत नाही. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा, शिजलेल्याचा वेगळा. कढईतले तेल पेटले तर पाणी कधीही टाकायचे नाही. गॅस बंद करून झाकण घालायचे. गॅसचा वास आला तर पंख्याच्या बटणालाही हात लावायचा नाही. अशा चुकीची शिक्षा तीनशे जेवणाऱ्यांना किंवा शेजारी उभ्या असलेल्या हेल्परला भोगावी लागते.

येथे कायद्याने आपल्यासाठी एक दार उघडले आहे, त्याची माहिती फार थोड्यांना आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली केंद्राच्या प्राधिकरणाने २०१७ मध्ये फॉस्टॅक नावाचे प्रशिक्षण सुरू केले. ज्यांना परवाना घ्यावा लागतो अशा खाद्य व्यवसायांत दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्न सुरक्षा सुपरवायझर असला पाहिजे, असा नियम झाला. प्रशिक्षण एका दिवसात पुरे होते, शेवटी परीक्षा असते आणि प्रमाणपत्र दोन वर्षांपुरते असते. एका दिवसाच्या कागदाने कोणी सुपरवायझर होत नाही. पण मालकाला असा माणूस दाखवावाच लागतो. मग तो बाहेरून आणण्यापेक्षा आपला जुना कुक का नको, हे बोलण्याचे तोंड या कागदाने मिळते.

कॅन्टीनही वाढणार आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यात २५० पेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कॅन्टीनची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितेत ती मर्यादा १०० कामगारांवर आली आहे. ठाणे-डोंबिवली पट्ट्यातील मध्यम कारखान्यांनाही याचा विचार करावा लागेल.

शिक्षण कोठे मिळते? दहावी झालेल्यांसाठी आय.टी.आय.मध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. दहावीचा निकाल लागला की ऑनलाइन प्रवेश सुरू होतात; हा अभ्यासक्रम कोणत्या आय.टी.आय.त आहे ते त्याच वेळी पाहून पसंती भरावी. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनावर हॉटेलात शिकता येते. बारावी झालेल्यांनी मात्र अधिक वरचा विचार करावा. सहा डिसेंबरला आपण ज्या दादरला जातो, त्याच दादरला १९५४ साली सुरू झालेली देशातील पहिली हॉटेल मॅनेजमेंट व केटरिंगची शासकीय मान्यतेची संस्था आहे. बारावीला इंग्रजी विषय असला की शाखा कोणतीही चालते. राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कल्याणहून एका गाडीने जाता येते, तरी आपल्या किती मुलांनी तिचा फॉर्म भरला?

या प्रवेशासाठी एक सूचना. महाराष्ट्रात १९६० पासून बौद्धांना सवलती होत्या, पण केंद्रात त्या १९९० च्या दुरुस्तीने आल्या. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत. त्यासाठी जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला घेऊन गेलेल्या मुलांची ऐनवेळी धावपळ होते. हे काम बारावीच्या वर्षात दिवाळीपूर्वीच उरकावे.

जे आधीच कामाला आहेत त्यांचे काय? केंद्राच्या २०१५ च्या कौशल्य विकास योजनेत, अनुभवाने शिकलेल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आली. अशा वर्गांची चौकशी ठाण्याच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात करावी. पुण्याची बार्टी आणि महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ यांच्या प्रशिक्षण योजनांच्या जाहिरातीही वरचेवर येतात. संस्थेच्या फलकावर त्या लावल्या तर चार घरांत पोहोचतील.

तोपर्यंत शंभर पानांची एक वही घ्यावी. सकाळी कामावर गेल्यावर फ्रीजचे तापमान, कोठीतून निघालेला तांदूळ-डाळ-तेल, जेवलेल्यांची संख्या आणि उरलेले अन्न किती किलो, या चार गोष्टी तारीख घालून लिहाव्यात. लिहिण्याची सवय नसेल तर घरातल्या शाळकरी मुलीकडून पहिला आठवडा तक्ता आखून घ्यावा. तीन महिन्यांनी तीच वही मॅनेजरच्या टेबलावर ठेवता येते.