बिनपगारी माणसांचे नेतृत्व

दुकानातील आठ-दहा नोकर लीलया सांभाळणारा व्यापारी सामाजिक कार्याची धुरा खांद्यावर आली की अनेकदा गोंधळून जातो. गादीवरून निघालेला शब्द दुकानात झेलला जातो. तोच शब्द त्याच सुरात स्वयंसेवकांपुढे उच्चारला, तर दुसऱ्या दिवशी चार माणसे कमी येतात. नोकराला उद्या यावेच लागते, स्वयंसेवकाला यावेसे वाटावे लागते. या एका फरकाने नेतृत्वाची सारी रीतच बदलते.

महाराष्ट्राने हा फरक मोठ्या प्रमाणावर अनुभवला तो पाणी फाउंडेशनच्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धेत. 2016 साली वरुड, कोरेगाव व अंबाजोगाई या 3 तालुक्यांतील 116 गावांपासून तिचा प्रारंभ झाला आणि 2018 पर्यंत ती 75 तालुक्यांत पोहोचली. 2018 साली 8 एप्रिल ते 22 मे असे 45 दिवस, ऐन उन्हाळ्यात, गावकऱ्यांनी श्रमदानाने पाणलोटाची कामे करावयाची. तत्पूर्वी गावातील काही स्त्री-पुरुष प्रशिक्षण घेऊन येत. त्यांच्या हाती ना सरपंचाचा शिक्का असे, ना मजुरी वाटणाऱ्या मुकादमाची वही. या मूठभर माणसांनी सारे गाव डोंगरावर न्यावयाचे होते.

पहिली अडचण डोंगराचीच. पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे लागते. वरचे पाणी अडवल्याशिवाय खालचा बांध टिकत नाही. शेतकऱ्याचे मन मात्र आपल्या विहिरीजवळच्या ओढ्यात गुंतलेले असते. ‘माळावर मी कुणासाठी खणू?’ हा त्याचा प्रश्न मुळीच गैर नाही. व्यापाऱ्यालाही भांडवल कुठे गुंतते आणि परतावा कुठून येतो हे कळल्याविना चैन पडत नाही. म्हणून पहिले फावडे उचलण्यापूर्वी पाण्याची वाट नकाशावर व प्रत्यक्ष शिवारात फिरून दाखवणे हेच नेत्याचे पहिले काम ठरते. भाषणाने माणूस एक दिवस येतो. काम समजले तर तो पुन्हा येतो.

दुसरी गोष्ट पूर्वतयारीची, आणि बहुतेक संस्था नेमक्या येथेच कमी पडतात. समतल चर खणावयाचा तर समपातळीची रेषा आधी आखावी लागते. एका उंचीवरचे बिंदू साध्या लाकडी ए-फ्रेमने शोधून त्यांवर फक्की टाकली की चराची जागा निश्चित होते. ही आखणी आदल्या संध्याकाळीच झालेली असावी. पहाटे पन्नास माणसे डोंगरावर पोहोचली आणि टिकाव पंधराच निघाले, पाण्याची घागर पायथ्याशीच राहिली, कुठे खणावयाचे यावर दोघांचा वाद जुंपला, तर अर्ध्या तासात उत्साह ओसरतो. स्वयंसेवक कष्टाला कंटाळत नाही, ताटकळण्याला कंटाळतो. त्याचा वेळ फुकट मिळतो, म्हणून तो स्वस्त आहे असे मानणे हा मोठा अपराध होय.

तिसरे, मोजमाप. खणलेल्या चराची लांबी, रुंदी व खोली मोजून किती घनमीटर माती हलली ते त्याच दिवशी सर्वांसमक्ष सांगावे. सायंकाळी गल्ला मोजल्याशिवाय दुकान बंद न करणाऱ्यांना यातील समाधान वेगळे उलगडून सांगावयास नको. यंत्राच्या डिझेलसाठी वर्गणी जमत असेल, तर तिचा जमाखर्चही फळ्यावर लिहिलेला बरा. हिशेबाविषयी एकदा कुजबुज सुरू झाली की प्रामाणिक माणूसच सर्वांत आधी दूर होतो. 2018 साली भारतीय जैन संघटनेने अनेक गावांना यंत्रे पुरवली. तरी यंत्राच्या मागेपुढे गावाचे हात लागतातच.

चौथी कसोटी न येणाऱ्यांची. निवडणुकीने दुभंगलेल्या गावात अर्धी आळी फिरकतच नाही. अशा वेळी ग्रामसभेत नावे घेऊन टोमणे मारणे सोपे, पण त्याने दार कायमचे बंद होते. विरोधी गटातील जाणत्याच्या घरी आपण होऊन जावे आणि मदत मागण्याऐवजी त्याच्या अनुभवाजोगे काम त्याच्याकडे सोपवावे. वृद्धांनी मोजणी पाहावी, मुलांनी पाणी द्यावे. ज्याला कुदळ पेलत नाही त्यालाही ‘हे माझे काम’ असे म्हणता आले पाहिजे. नेत्याने मात्र स्वतः कुदळ उचललीच पाहिजे. काठावर उभे राहून बोट दाखवणारा मनुष्य तेथे फार दिवस टिकत नाही.

पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने प्रथम क्रमांक पटकावला. पहिले बक्षीस एकाच गावाला मिळे, चर मात्र प्रत्येक गावाच्या माळावर राहतात. स्पर्धेची मुदत संपल्यावर नेत्याकडे एक किरकोळ वाटणारे काम उरे. मागून आणलेली टिकाव-फावडी मोजून, धुऊन, ज्याची त्याच्या घरी स्वतः पोहोचवायची. तुटलेला दांडा असेल तर नवा बसवून. पावसाळ्यानंतर गाळ काढण्यासाठी त्याच घरांची दारे पुन्हा ठोठवायची असतात.