झिजलेल्या नाण्याची साक्ष

इंदूरच्या एखाद्या जुन्या घरातील फडताळात चिमुकले, पार गुळगुळीत झालेले नाणे सापडले, तर ते कोणाचे म्हणावयाचे? त्यावरील फारसी अक्षरांवर विसंबणारा हमखास फसतो. होळकरांची कित्येक नाणी दिल्लीच्या शाह आलम बादशहाच्या नावाने पडत. बादशहा १८०६ साली निवर्तला, नाव मात्र पुढेही कित्येक वर्षे नाण्यांवर राहिले! शिवाय ठसा मोठा व चकती लहान, त्यामुळे बराचसा मजकूर मुळातच उमटत नसे. खरी साक्ष खुणेची. किरणांसह सूर्यमुखाचा अंश दिसला, तर टाकसाळ मल्हारनगरची, म्हणजे इंदूरचीच. शिवलिंग व बिल्वपत्र दिसले, तर अहिल्याबाईंच्या महेश्वरची. ही खूण तिरप्या उजेडात, भिंगाखाली शोधावी लागते.

पण आपल्याकडे आधी हात जातो तो चिंचेकडे आणि राखेकडे! नाणे लखलखते, उरलीसुरली खूण कायमची जाते आणि मग ते धातूच्या भावाने मोडीत निघते. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले. घरातल्या नाण्याला असा कोणी वाली नाही. वस्तुसंग्रहालयांनी ठसठशीत नाण्यांशेजारी अशी झिजलेलीही मांडावीत. लोकांच्या घरी असतात ती तशीच.