वूडू कार्डाच्या ड्रायव्हरचा माग

थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीची वूडू ग्राफिक्स कार्डे १९९६ मध्ये बाजारात आली. डिसेंबर २००० मध्ये एनव्हिडियाने तिची मालमत्ता घेण्याचा करार केला आणि नवे अधिकृत ड्रायव्हर येणे थांबले. ड्रायव्हर म्हणजे संगणकाचे म्हणणे कार्डापर्यंत पोचवणारा प्रोग्राम. सोर्स कोड म्हणजे तोच प्रोग्राम, पण लिहिणाऱ्याने लिहिला तसा, वाचता आणि बदलता येणारा. वूडूचा कोड आजही मिळतो, फक्त तो एका जागी नाही.

सुरुवात चिप ओळखण्यापासून करावी. खोक्यावरच्या नावाने शोधणे ही पहिली चूक, कारण वूडू २ ची चिप क्रिएटिव्ह, डायमंड अशा कंपन्यांनी आपापल्या नावाने विकली. लिनक्सवर एलएसपीसीआय ही कमांड चालवली की प्रत्येक कार्डाचे दोन क्रमांक दिसतात (त्यासाठी पुढे वजा चिन्ह आणि दोन एन जोडावे लागतात). पहिला उत्पादकाचा, दुसरा चिपचा. थ्रीडीएफएक्सचा क्रमांक १२१ए. चिपच्या क्रमांकाचा शेवटचा अंक २ असेल तर वूडू २, ३ असेल तर वूडू बॅन्शी, ५ असेल तर वूडू ३.

इथे बरेच जण फसतात. पहिले वूडू आणि वूडू २ फक्त त्रिमितीय चित्रे काढतात. साध्या पडद्यासाठी संगणकात दुसरे कार्ड असावेच लागते. यादीत व्हीजीए ही ओळ शोधली तर ते दुसरेच कार्ड हाती लागते. म्हणून १२१ए हाच क्रमांक शोधावा.

मग आपल्याला नेमका कोणता थर हवा आहे ते ठरवावे. ‘ड्रायव्हर’ म्हणून एकच फाइल नसते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, पडद्यावर अक्षरे उमटवणारा एक भाग असतो: जुन्या दोन वूडूंसाठी एसएसटीएफबी, बॅन्शी आणि पुढच्यांसाठी टीडीएफएक्सएफबी. खिडक्या दाखवणारा भाग एक्सऑर्ग या प्रकल्पाकडे आहे, तर त्रिमितीय चित्रांचा मेसा या प्रकल्पात होता.

‘होता’ म्हणण्याचे कारण आहे. मेसाने आपला वूडू ड्रायव्हर ८.० आवृत्तीत (२०१२) काढून टाकला. कर्नलमधला त्याचा जोडीदार (वरच्या अक्षरांच्या भागाहून वेगळा) ६.३ मध्ये (२०२३) गेला. ताज्या आवृत्तीत शोधून काही सापडले नाही की लोक हताश होतात, पण काढलेला कोड नष्ट होत नाही. हे प्रकल्प गिट वापरतात, आणि गिट प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. मेसाची ७.११ आणि कर्नलची ६.२ आवृत्ती उघडावी. दोन्हींत तो जागच्या जागी आहे. कर्नलची मुख्य गिट-नोंद मात्र २००५ पासूनच सुरू होते. त्याआधीचे हवे असेल तर जुन्या आवृत्त्यांची संकुचित गाठोडी कर्नलच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी लागतात.

सर्वांत मोलाचा भाग ग्लाइड. खेळ थेट वूडूशी बोलत ते या लायब्ररीतून. तिचा कोड थ्रीडीएफएक्सने स्वतः १९९९ च्या अखेरीस खुला केला आणि तो सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर ‘ग्लाइड’ याच नावाने ठेवलेला आहे. आतल्या फोल्डरांना बाजारातली नावे नाहीत, कंपनीतली सांकेतिक नावे आहेत. एसएसटी१ म्हणजे पहिले वूडू, सीव्हीजी म्हणजे वूडू २, एच३ म्हणजे बॅन्शी आणि वूडू ३, एच५ म्हणजे वूडू ४ आणि ५. ही किल्ली नसली की माणूस भलत्याच फोल्डरात दिवस घालवतो.

कोड वापरण्याआधी परवाना वाचावा. ग्लाइडच्या परवान्याच्या नावात ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हे शब्द आहेत, तरी तो त्याच नावाचा प्रसिद्ध ग्नू परवाना नव्हे. अटी वेगळ्या आहेत. आणि जुन्या सीडीवर मिळतात ते विंडोज ड्रायव्हर तयार प्रोग्राम असतात, सोर्स कोड नव्हे.

शेवटी बांधणी, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे. ग्लाइड ३२ बिटांच्या काळातली आहे; तिच्यात स्मृतीचे पत्ते ३२ बिटांत मावतील असे अनेक जागी गृहीत धरले आहे. ६४ बिटांच्या आजच्या प्रणालीवर ती बांधली तरी चालताना कोसळू शकते. त्यामुळे त्या काळातला कंपायलर असलेली जुनी ३२ बिटांची लिनक्स प्रणाली वूडू कार्ड असलेल्या यंत्रावर बसवावी आणि आधी तिथेच बांधून पाहावे. खेळ लावण्याची घाई करू नये. ग्लाइडसोबत छोटे चाचणी प्रोग्राम येतात; त्यांतला सर्वांत साधा, टेस्ट००, आधी चालवावा.