गाठ निघाली, पण ती बरणीत कशात पडली?

बीडकडं कॅन्सर म्हटलं की दोनच नावं निघतात. बार्शी, नाहीतर मुंबईचं टाटा. मग केमो, शेक, खर्च, कुणाच्या ओळखीनं नंबर लागेल वगैरे. पण या सगळ्याच्या आधी एक साधी प्लॅस्टिकची बरणी असते. तिच्यात पेशंटच्या अंगातून काढलेला छोटासा तुकडा असतो, आणि पुढची ट्रीटमेंट काय द्यायची ते त्या तुकड्यावर ठरतं. त्या बरणीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

शरीरातून बाहेर आला की तुकडा सडायला लागतो. पेशींमधलेच रस पेशींना खायला लागतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर विचारायलाच नको. ते थांबवायचं काम फॉर्मलिन करतं. बारावी सायन्सवाल्यांना बायोलॉजीच्या लॅबमधला तो डोळे झोंबणारा वास आठवत असेल, तेच हे. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ, सोबत क्षार घालून आम्लपणा मारलेला. तुकड्याच्या दहापट तरी द्रावण हवं. ते आत शिरतं अगदी सावकाश, तासाला जेमतेम मिलिमीटरभर. म्हणून मोठी गाठ अख्खी बुडवून चालत नाही, तिला काप द्यावे लागतात. नाहीतर वरून छान टणक, आत सडलेली.

आणि सलाइन? हाताशी असतं म्हणून कधी कधी गाठ त्यातच टाकली जाते. सलाइनमध्ये ती ओली राहते, टिकत नाही. गंमत अशी की काही वेळा सलाइनच लागतं. मानेला गाठ आली तर ती टीबीची असू शकते किंवा लिम्फोमाची. टीबीचे जंतू वाढवून बघायचे असतील तर फॉर्मलिन त्यांना मारून टाकतं. म्हणून अशा वेळी दोन तुकडे लागतात, एक सलाइनमध्ये, एक फॉर्मलिनमध्ये. एवढ्याशा गोष्टीवरून टीबीचं औषध की केमो हा निकाल लांबू शकतो.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हा हिशोब आणखी कडक आहे. गाठ कापल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये जायला हवी आणि ६ ते ७२ तास त्यात राहायला हवी. आंतरराष्ट्रीय नियम तसा आहे. कारण या गाठीवर ‘ईआर’ नावाची तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर टॅमॉक्सिफेन ही तुलनेनं स्वस्त गोळी अनेक वर्षं देतात आणि कॅन्सर परतायची शक्यता बरीच कमी होते. नमुनाच खराब असेल तर पॉझिटिव्ह बाई कागदावर निगेटिव्ह ठरू शकते. मग गोळी मिळत नाही, आणि का मिळाली नाही हे तिला कधी कळतही नाही.

हे फक्त गरीब देशांतच होतं असं समजू नका. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात १९९७ ते २००५ या काळातले जवळपास ४०० बायकांचे असे रिपोर्ट चुकीचे निघाले. चौकशी आयोग बसला, २००९ मध्ये त्याचा अहवाल आला. मशीन, माणसं, देखरेख अशी बरीच कारणं निघाली. त्यात नमुना नीट तयार न होणं हेही होतं.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. ऊसतोड कामगार बायकांच्या ‘पिशव्या काढण्याचा’ विषय २०१९ मध्ये देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जो सर्व्हे आला, त्यात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यातल्या कितीतरी जणींनी पत्रकारांना एकच सांगितलं होतं, पुढं कॅन्सर होईल अशी भीती घातली. मला प्रश्न पडतो तो बरणीचा. कॅन्सरचा संशय होता तर आधी तुकडा काढून तपासला का? काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला गेली का? गेली असेल तर तो रिपोर्ट त्या बाईच्या हातात का नाही?

आणि याच भागात याच्या बरोबर उलटं कामही झालंय. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या, गावांचे ५२ गट. काहींची एचपीव्ही तपासणी, काहींचा पॅप स्मिअर, काहींच्या गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगर लावून पाहणी, आणि एका गटाला फक्त माहिती. या शेवटच्या गटावरून पुढं नैतिकतेचा वाद झाला, आणि तो होणं बरोबरच होतं. २००९ मध्ये निष्कर्ष आले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं एचपीव्ही गटात ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. तेही आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं. बाकी दोन्ही पद्धतींत मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत.

पॅप स्मिअरला काच लगेच अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते, पेशी वाळल्या की संपलं. वर वाचणारा डोळा तयार लागतो. एचपीव्हीचा नमुना ब्रशनं घेऊन द्रावणात टाकला की पुढचं बरंचसं काम मशीनचं. हा फरक मला आकड्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

ज्यांच्या घरात कुणाची गाठ काढायची आहे त्यांनी ऑपरेशनच्या आधीच विचारावं, बरणीत काय भरलंय, वर नाव आणि वेळ लिहिणार ना, लॅबला कधी पोचणार? लाजू नका. आणि टाटाला निघताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या, तिथं ते परत तपासतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तोच तुकडा. तो वर्षानुवर्षं टिकतो, फ्रीज लागत नाही. फक्त उन्हाळ्यात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, मेण मऊ पडतं.