ऑनलाइन घेतलेला फोन खराब निघाला आणि बदलून द्यायला 'स्टॉक नाही'? मग हे वाचाच!



सेल लागला की आपण काय करतो? रात्री बारापर्यंत जागतो, फोन कार्टमध्ये टाकून ठेवतो, ऑफर सुरू झाली की पटकन पेमेंट करतो. पण तोच फोन चार दिवसांत खराब निघाला तर पुढे काय करायचं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? मला तर अजिबात माहीत नव्हतं. गेल्या दिवाळीत अनुभव घेतला आणि शिकलो. तोच अनुभव आणि त्यामागचे नियम आज सोप्या भाषेत सांगतो.

नक्की झालं काय?

मी जामखेडचा. धाकटी बहीण नर्सिंगला आहे. तिचा जुना फोन बंद पडला म्हणून वडिलांनी दुधाच्या पगारातून पैसे बाजूला काढले होते. सेलमध्ये १२,४९९ रुपयांचा फोन मिळाला, यूपीआयने पेमेंट केलं. तीन दिवस फोन मस्त चालला. चौथ्या दिवशी स्क्रीनवर वरून खालपर्यंत हिरवी रेघ आली.

ॲपमध्ये बघितलं तर रिफंडचा पर्यायच नव्हता, फक्त 'रिप्लेसमेंट' होतं. म्हटलं ठीक आहे. रिक्वेस्ट टाकली, कुरिअरवाला आला, फोन घेऊन गेला. दोन दिवसांनी मेसेज आला: बदलून द्यायला स्टॉक उपलब्ध नाही, त्यामुळे तुमची रक्कम शॉपिंग बॅलन्समध्ये जमा केली आहे. म्हणजे फोन नाही, बँकेत पैसे नाहीत, आणि तो बॅलन्स वापरायचा तर त्याच ॲपवर. तोपर्यंत तोच फोन १४,२९९ ला झाला होता!

कस्टमर केअरच्या चॅटवर एकच उत्तर, "सर, पॉलिसीनुसार झालं आहे." वडील म्हणाले, "आरं, एवढ्या मोठ्या कंपनीच्या नादाला लागून काय उपयोग? दे सोडून." बहीण मात्र मैत्रिणीच्या फोनवर नोट्स वाचत होती. तेव्हा मी शांतपणे बसून नियम शोधायला लागलो.

आधी हे समजून घ्या: पॉलिसी मोठी की कायदा?

कंपनीची पॉलिसी कंपनीने लिहिलेली असते. कायदा तिच्या वर असतो. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याआधी १९८६ चा कायदा होता. नव्या कायद्यात ऑनलाइन खरेदी करणाराही 'ग्राहक' आहे हे स्पष्ट लिहिलं आहे. त्याच महिन्यात, जुलै २०२० मध्ये, ई-कॉमर्ससाठी वेगळे नियमही आले. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

१) वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर आली असेल, तर विक्रेता ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणू शकत नाही. उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने झाला असेल तर गोष्ट वेगळी.

२) प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर किंवा साइटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असा नियम आहे.

३) कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करते तेव्हा ती तुम्हाला काही भरपाई देत नसेल, तर तुम्ही ऑर्डर रद्द केल्यावर तुमच्याकडून चार्ज घेता येत नाही.

४) 'विक्रेता वेगळा आहे, आम्ही फक्त प्लॅटफॉर्म' असं म्हणणाऱ्या साइटला त्या विक्रेत्याचं नाव आणि पत्ता दाखवावाच लागतो.

आणि माझ्यासाठी सर्वात महत्त्वाचा नियम सापडला तो रिझर्व्ह बँकेचा. ऑनलाइन पेमेंट घेणाऱ्या पेमेंट ॲग्रिगेटर कंपन्यांसाठी मार्च २०२० मध्ये आलेल्या सूचनांत लिहिलं आहे की, रिफंड ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत गेला पाहिजे. ग्राहकाने स्वतः दुसऱ्या मार्गाला होकार दिला असेल तरच अपवाद. मी कुठेच होकार दिला नव्हता. म्हणजे माझे पैसे बँकेतच यायला हवे होते.

इथे एक सावधगिरी. रिफंड घेताना ॲप विचारतं, 'लगेच हवा की दोन-चार दिवसांनी?' लगेचवाला पर्याय बहुतेक वेळा त्यांच्या बॅलन्समध्ये जातो. घाईत त्याच्यावर टॅप केलं की तो तुमचा होकार धरला जातो. म्हणून नीट वाचूनच बटण दाबा.

'पैसे परत दिले ना, मग विषय संपला' हे खरं आहे का?

नाही! मुंबईतलं एक प्रकरण बघा. दादरच्या एका ग्राहकाने जुलै २०२२ मध्ये फ्लिपकार्टवर ३९,६२८ रुपयांना आयफोन मागवला. काही दिवसांनी ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज आला. पैसे परत मिळाले, पण तोपर्यंत फोनची किंमत वाढली होती. कंपनीचं म्हणणं होतं की डिलिव्हरीचा प्रयत्न केला पण ग्राहक भेटला नाही, आणि आम्ही तर फक्त मध्यस्थ आहोत. मध्य मुंबई जिल्हा ग्राहक आयोगाने ते मान्य केलं नाही. ऑर्डर एकतर्फी रद्द करणं ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा ठरवून आयोगाने २०२४ मध्ये १० हजार रुपये भरपाई आणि ३ हजार रुपये खर्च द्यायला सांगितला.

म्हणजे रिफंड मिळाला तरी झालेल्या त्रासाची दाद मागता येते. शिवाय, देण्याचा इरादाच नसताना किंवा पुरेसा माल नसताना स्वस्त भावाची जाहिरात करणं हेसुद्धा कायद्यात अनुचित प्रथेत येतं. स्टॉक मर्यादित असेल तर ते जाहिरातीत स्पष्ट सांगावं लागतं.

मी काय केलं? स्टेप बाय स्टेप

स्टेप १: पुरावे गोळा केले. बिल, ऑर्डर नंबर, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, हिरव्या रेघेचा व्हिडिओ, कुरिअरवाल्याने फोन नेल्याची पावती आणि चॅटचे सगळे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये टाकले. चॅट नंतर ॲपमधून गायब होऊ शकतं, म्हणून स्क्रीनशॉट त्याच वेळी काढा.

स्टेप २: तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. भांडण नाही, शिवीगाळ नाही. एवढंच लिहिलं: "अमुक तारखेला अमुक रुपयांना फोन घेतला. चौथ्या दिवशी दोष आढळला. तुम्ही फोन परत नेला, पण बदलून दिला नाही. रक्कम माझ्या संमतीशिवाय बॅलन्समध्ये टाकली. ती मूळ खात्यात जमा करावी. सात दिवसांत न झाल्यास मी ग्राहक हेल्पलाइन आणि आयोगाकडे तक्रार करेन." तारीख, रक्कम, मागणी आणि मुदत, या चार गोष्टी हव्यातच.

स्टेप ३: पोच आली, पण सात दिवसांत काहीच हललं नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन लावला. मराठीत बोलता येतं. ८८००००१९१५ या नंबरवर व्हॉट्सॲपही करता येतं, किंवा हेल्पलाइनच्या साइटवर आणि उमंग ॲपवर तक्रार टाकता येते. डॉकेट नंबर मिळतो, तो जपून ठेवायचा. बऱ्याच मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या असल्यामुळे तक्रार थेट त्यांच्याकडे जाते.

हेल्पलाइनवर तक्रार टाकल्यावर पाचव्या दिवशी कंपनीतून फोन आला. आणखी तीन दिवसांनी १२,४९९ रुपये बँकेत आले. आधी वडिलांना मेसेज दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त दोनदा आकडा वाचला.

खरं सांगायचं तर वाढलेल्या किमतीचे १,८०० रुपये मी मागितलेच नाहीत. तेव्हा मुंबईचं प्रकरण माहीत नव्हतं. तुम्ही ही चूक करू नका, पहिल्याच ईमेलमध्ये तो फरकही मागा.

हेल्पलाइनने काम झालं नाही तर?

हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही, ती कंपनीला आदेश देऊ शकत नाही. आदेश देतो जिल्हा ग्राहक आयोग. आणि इथे आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या लोकांसाठी चांगली बातमी आहे. नव्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, जामखेडचा माणूस आपल्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे नगरलाच (आता अहिल्यानगर) तक्रार करू शकतो.

आता तुम्ही म्हणाल, नगर तरी कुठे जवळ आहे? कडा-आष्टीमार्गे पाऊणशे किलोमीटर, एक दिवस मोडतो. म्हणूनच ऑनलाइन सोय आहे. आधी ई-दाखिल पोर्टल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती सुरू झालं आहे. घरबसल्या तक्रार दाखल करता येते, आणि अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओ कॉलवर घेण्याची तरतूद कायद्यात आहे.

लक्षात ठेवायचे आकडे:

– वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग.
– रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य.
– कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करायची.
– वकील लावायची सक्ती नाही, स्वतः बाजू मांडता येते.
– वस्तूची तपासणी लागणार नसेल तर ३ महिन्यांत आणि लागणार असेल तर ५ महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, तेवढा धीर ठेवा.

आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत द्यायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो. आदेश पाळला नाही तर दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

गावातल्या दुकानातून घेतलं असेल तर?

हक्क तेच. पावतीवर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलेलं असलं तरी सदोष मालाला ते लागू होत नाही. पावतीत मुदत दिली नसेल तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा! म्हणून 'बिलाशिवाय पाचशे कमी करतो' असं कोणी म्हटलं तर विचार करा. त्या पाचशे रुपयांत तुमचा पुरावा जातो.

पण हेही तितकंच खरं की, 'रंग आवडला नाही', 'मित्राकडे यापेक्षा भारी मॉडेल आहे' हा दोष नाही. तिथे दुकानदाराची किंवा साइटची पॉलिसी चालते. उगाच कोणाला त्रास देऊ नका.

आणि फोन हप्त्यावर घेतला असेल तर? वस्तू खराब निघाली म्हणून हप्ता बंद करू नका. कर्ज फायनान्स कंपनीचं असतं, हप्ता चुकला तर तुमचा क्रेडिट स्कोअर खाली येतो. फायनान्स कंपनीला लेखी कळवा आणि रिफंडचा पाठपुरावा करा.

या चुका टाळा

– ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर फोन चालू करून बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका. नसेल तर पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, पत्त्याचं लेबल दिसलं पाहिजे.
– *#०६# डायल करून आयएमईआय नंबर बघा आणि तो बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळवा.
– परतीची मुदत संपेपर्यंत बॉक्स, चार्जर, पिशव्या काहीच टाकू नका.
– सर्व्हिस सेंटरला फोन दिला तर जॉबशीट घ्याच, त्यावर दोष नीट लिहून घ्या.
– कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे भामटे बसलेले असतात. 'रिफंड देतो, हे ॲप टाका, पिन टाका' म्हणाले की समजून जा. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० ला फोन करा.

शेवटी एवढंच

ग्राहक चळवळ आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकांसाठी असा कायदाही नव्हता. कायदा आला १९८६ मध्ये, त्याला मंजुरी मिळाली तो २४ डिसेंबर आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्या लोकांनी पोस्टकार्डं लिहून, मोर्चे काढून जे मिळवलं ते आज आपल्या खिशातल्या फोनवर आहे. फक्त वापरायचं आहे.

माझ्या बहिणीने नंतर जामखेडच्याच दुकानातून फोन घेतला. दुकानदाराने बिल द्यायला जरा कुरकुर केली, तर वडीलच म्हणाले, "बिल दे बाबा पक्कं, आमच्याकडं १९१५ नंबर हाय."

माहिती उपयोगी वाटली तर घरच्या ग्रुपवर नक्की टाका, आणि १९१५ आत्ताच सेव्ह करून ठेवा.